जाळायला काढलेली डबी

त्या घरात शिव्या फारशा नव्हत्या. एकच होती, ती सगळ्यांना पुरायची: सैल झाकण. सोमवारी येतो म्हणून गुरुवारी उगवणारा गवंडी सैल झाकण. बातम्यांत बडबडणारा पुढारी सैल झाकण. आणि बापाचा धंदा सोडून वायरमनची नोकरी धरलेला पोटचा मुलगा, तो तर जन्मजात सैल झाकण.

शिवी म्हाताऱ्याची होती, कारण धंदा म्हाताऱ्याचा होता. तो कातारी. घराच्या मागच्या खोलीत लेथवर लाकडाच्या लहान लहान डब्या कातायचा. मुठीत मावेल एवढी डबी, वर नाण्यासारखं चपटं झाकण, बुडाखाली तीन बारीक रेघा. त्या रेघा म्हणजे त्याची सही. आणि डबी रेघा मारायच्या लायकीची आहे की नाही हे ठरवायची त्याची एकच परीक्षा होती. नुसतं झाकण चिमटीत धरून डबी उचलायची. बूड मागोमाग वर आलं पाहिजे आणि दहा आकडे मोजेपर्यंत लटकून राहिलं पाहिजे. मग उघडायची, ती फट् असा आवाज करून उघडली पाहिजे. आकडा आठवर असताना बूड पडलं तर डबी शेगडीत. त्यात दयामाया नाही.

लोक याला कला म्हणायचे. म्हाताऱ्याला तो शब्द ऐकला की मळमळायचं. "कला बिला काही नाही," तो म्हणायचा, "झाकण बसतं किंवा बसत नाही."

सून या घरात आली तेव्हा तिला लेथचा आवाज दाढ कोरल्यासारखा वाटायचा. पहिलं वर्ष ती खोलीच्या दारात चहाचा कप घेऊन नुसती उभी राहायची. म्हातारा म्हणायचा, कप ठेव आणि जा. ती कप ठेवायची आणि जायची नाही. बघून बघून तिला कळलं की झाकण आधी पोखरायचं, मग खालच्या भागाचा गळा त्या झाकणात बसेपर्यंत केस केस उतरवायचा, आणि सगळं घोडं पेंड खातं ते त्या गळ्यापाशी. एक केस जास्त गेला की गेली डबी.

एके दिवशी म्हातारा दात काढायला गेला होता. तिनं दार लोटलं, पट्टा चढवला आणि रस्ता रुंद करताना तोडलेल्या तुतीच्या झाडाची एक फांदी लेथला लावली. दुपारपर्यंत डबी झाली. गालात कापूस घेऊन म्हातारा परत आला, तर ती डबी त्याच्या फळीवर. त्यानं हातात घेतली, हुंगली आणि कापसाआडून म्हणाला, "ओलं लाकूड. पंधरा दिवसांत वाकडी होईल. आज गोल आहे, उद्या अंड्यासारखी. जाळ."

"बरं," ती म्हणाली.

"आणि उद्यापासून मी असताना ये. चुकायचंच असेल तर माझ्यासमोर चूक."

असं तिचं शिक्षण सुरू झालं. याला अकरा वर्षं झाली. आता निम्म्या डब्या ती कातते. तिच्या डब्या दहा काय, वीस आकडे लटकतात. पण बुडाखालच्या तीन रेघा अजून म्हाताराच मारतो. त्या रेघांची पटाशी त्याच्या हातात. तिनं कधी मागितली नाही, त्यानं कधी दिली नाही. आणि ती पहिली डबी? ती तिनं जाळली नव्हती. शिवणाच्या पेटीत लपवली होती. तीत ती बटणं ठेवायची.

म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली ती गेल्या थंडीत. डॉक्टरनं रोज अर्धी गोळी लिहून दिली आणि बजावलं, ही चुकली तर माझ्याकडे येऊ नका, थेट मोठ्या इस्पितळात जा. वायरमननं वारांची नावं छापलेली सात खणांची प्लास्टिकची डबी आणली. म्हाताऱ्यानं तिच्याकडे असं पाहिलं की कुणी त्याच्या ताटात चप्पल ठेवली असावी.

"मी आयुष्यभर डब्या कातल्या," तो म्हणाला, "आणि माझं औषध प्लास्टिकात?"

"मग मी रोज हातावर देत जाईन," सून म्हणाली.

"का? मी रांगतो का?"

मग त्यानं स्वतःच्या हातची एक जुनी डबी काढली. बारा वर्षांपूर्वी त्यानं तुतीच्या एकाच सुक्या फांदीतून दोन डब्या कातल्या होत्या, जुळ्या. एक लेथच्या वरच्या फळीवर असायची. तो नमुना, दुकानदार आले की तोच झाकण धरून उचलून दाखवायचा. दुसरी आता औषधाची झाली आणि सदऱ्याच्या खिशात गेली. दर रविवारी सकाळी सून तीत सात अर्ध्या गोळ्या भरायची.

एका रविवारी तिनं डबी उघडली, तर आत पाच शिल्लक.

"बाबा, गोळ्या घेता ना?"

"घेतो की."

"रोज?"

"रोज. पाण्याबरोबर. दुधाबरोबर नाही. सगळं डॉक्टरनं सांगितल्यासारखं."

सोमवारी सकाळी ती कपडे वाळत घालायला मागच्या बाजूला गेली आणि खिडकीतून तिला तो दिसला. डबी दोन गुडघ्यांत दाबलेली. दोन्ही हातांची बोटं झाकणाच्या काठाला. चेहरा लाल, मान थरथरते आहे. झाकण जागचं हलेना. पन्नास वर्षं लेथची थरथर खाऊन त्याच्या अंगठ्यांचे सांधे खलास झाले होते. पटाशी तो अजून धरायचा, कारण ती काखेत आवळून सगळ्या अंगानं धरता येते. पण चिमटीतला जोर, जो डबी उघडायला लागतो, तो गेला होता. त्याच्याच हातच्या झाकणानं त्याला बाहेर ठेवलं होतं.

त्यानं डबी कानाशी नेऊन हलवली. गोळ्या वाजल्या. त्यानं डबी खिशात टाकली, पेला उचलला आणि घरात ऐकू जाईल असा घटघट आवाज करत पाणी प्यायला. गोळी नव्हतीच. नुसतं पाणी. आणि वर पेला टाकून दिल्यासारखा आपटला, म्हणजे सुनेच्या कानावर जावं.

ती ओले कपडे छातीशी धरून तिथेच उभी राहिली. आधी राग आला. मग रडू आलं. मग परत राग आला, आणि तो टिकला.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो खुर्चीवर चढून स्वतःच्याच घरातला दिवा दुरुस्त करत होता, जो त्यानं गेले चार महिने उद्यावर टाकला होता.

"मग सांग ना त्यांना सरळ."

"तुम्ही सांगा. बाप तुमचा."

"मी? मी सैल झाकण. माझं ऐकून ते दुसऱ्या दिवशी डबीला कुलूप लावतील."

"मग काय करायचं? बसून बघायचं?"

"सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही," वायरमन वरून म्हणाला. "आणि जरा ती पक्कड दे."

बाहेरच्या शहाण्या माणसाला वाटेल, एवढं काय, म्हाताऱ्याला सांगून मोकळं व्हावं. पण शहाणी माणसं बाहेरच असतात. ज्यानं दुसऱ्यांच्या सैल झाकणांवर आयुष्य काढलं त्याला, तुझ्याच्यानं तुझं झाकण उघडत नाही, हे तोंडावर सांगायचं म्हणजे त्याच्या हातातून पटाशी काढून घ्यायची. सुनेला ते जमेना. आणि तिकडे रोज एक गोळी चुकत होती.

म्हणून तिनं चोरी करायचं ठरवलं. दुपारी म्हातारा जेवून आडवा झाला. सदरा खुंटीला. तिनं खिशातली डबी काढली, गोळ्या बशीत ओतल्या आणि पाय न वाजवता मागच्या खोलीत गेली. मूळची किती घट्ट आहे ते ताडून बघावं म्हणून फळीवरचा नमुनाही काढला. दोन्ही उघडून शेजारी ठेवल्या. खिशातल्या डबीचं बूड लेथला लावलं, लेथ हळू फिरवला आणि गळ्याला काचपेपर टेकवला. चार फेर. झाकण लावून पाहिलं. आता ते लहान पोराच्याही हातानं निघालं असतं. अकरा वर्षांत तिनं पहिल्यांदा मुद्दाम सैल झाकण केलं होतं.

तेवढ्यात आतून म्हातारा खोकला.

तिनं दोन्ही डब्या मिटल्या, एकीत गोळ्या भरल्या, एक फळीवर टाकली, एक खिशात. चोराची घाई आणि जुळी भावंडं. फळीवर कुठली गेली आणि खिशात कुठली, हे बघायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुकानदारीण आली. कंगवे, आरसे, डब्या असल्या वस्तूंचं तिचं दुकान होतं आणि वीस वर्षं ती म्हाताऱ्याकडूनच माल न्यायची. तिच्या बोलण्याला फुलस्टॉप नसायचा. तिनं परीक्षा शंभरदा पाहिली होती, तरी तिला दर वेळी पाहायची असायची, आणि म्हाताऱ्याला दाखवायची असायची.

"काका, आधी तुमचा तो चमत्कार. मग कामाचं बोलू."

"चमत्कार कसला," म्हातारा म्हणाला आणि खूश होऊन त्यानं फळीवरचा नमुना घेतला. हलक्या चिमटीत झाकण धरलं. उचललं.

झाकण वर आलं. बूड आलं नाही. ते फळीच्या काठावरून घरंगळलं, जमिनीवर आपटलं आणि गडगडत लेथखालच्या भुशात शिरलं.

सून दारात होती. तिला त्याच क्षणी सगळं कळलं.

दुकानदारीण बिचारी सारवायला गेली. "असू द्या हो काका. माझ्या घरी तर सगळीच झाकणं सैल, नवऱ्यापासून."

म्हातारा चिमटीतल्या झाकणाकडे बघत होता. मग तो कसाबसा गुडघ्यांवर बसला, भुशातून बूड शोधलं, फुंकर मारली, झाकण लावलं, काढलं. लावलं, काढलं.

"ही मी कातलेली," तो म्हणाला. "माझ्या हातची."

दुकानदारीण गेल्यावर त्यानं लेथचा पट्टा उतरवला आणि खिळ्याला टांगला. "तू कात," तो सुनेला म्हणाला. "रेघाही तूच मार. बारा वर्षांपूर्वीच हात गेला होता आणि मला पत्ता नाही. किती लोकांच्या घरी असली झाकणं गेली असतील."

अकरा वर्षं ज्या पटाशीची वाट पाहिली ती अशी मिळाली, आणि ती तिला विस्तवासारखी वाटली. करायला गेली एक आणि झालं भलतंच. म्हाताऱ्याचा हात जिथे गेला नव्हता तिथे गेला असं त्याला वाटत होतं, आणि जिथे खरंच गेला होता ते तो अजून लपवत होता. खिशातली डबी घट्टच होती. तो सकाळी नुसतं पाणी पीतच होता, फक्त आता पेला आपटायचंही सोडलं होतं.

दोन दिवस तिनं काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा अंगणातल्या बाकावर बसला होता, जिना चढून आल्यासारखा धापा टाकत. जिना त्या घराला नव्हता. ती समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, ती डबी मी सैल केली."

त्यानं मान वर केली.

"तुमच्या खिशातली करायची होती. घाईत अदलाबदल झाली. तुमच्या हातची डबी उत्तम होती. मी बिघडवली."

मग त्यानं जे विचारलं ते कातारीच विचारेल.

"किती काढलंस?"

"काचपेपरचे चार फेर."

"कुठला कागद?"

"बारीक. दोनशे वीस."

"चार फेर फार झाले. दोनात झालं असतं." मग त्याच्या डोक्यात उरलेलं शिरलं आणि आवाज बदलला. "माझ्या खिशातून चोरून? माझ्या घरात सैल झाकण? कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुमच्या पेल्यानं सांगितलं," ती म्हणाली. आता तिचाही बांध फुटला होता. "गोळी नसताना पाणी पिता, घटाघटा, मला ऐकू यावं म्हणून. मी चोर, मग तुम्ही कोण? आज तुम्ही आडवे झालात तर तुमच्या मुलाला मी काय सांगू? झाकण छान घट्ट होतं म्हणून सांगू?"

वायरमन डबा घेऊन कामाला निघाला होता. तो दारातच थिजला आणि हळूच परत आत गेला. त्यात त्याचा शहाणपणा दिसला.

म्हाताऱ्यानं स्वतःचा उजवा अंगठा वर केला. मुळाशी सुजलेला, बाहेर वळलेला, जुन्या दाराच्या कडीसारखा.

"हा आता नुसता दाखवायचा राहिलाय," तो म्हणाला. "दोन दिवस उघडली. मग नाही."

"मग बोलायचं ना."

"काय बोलायचं? झाकण सैल करून दे म्हणू? मी?"

ती आत गेली, शिवणाची पेटी उघडली आणि ती पहिली डबी घेऊन आली. बाकावर, त्याच्या मांडीशेजारी, तिनं बटणं ओतली. मग त्याच्या खिशातली डबी काढली, फट् करून उघडली, गोळ्या आपल्या डबीत टाकल्या, झाकण लावलं, त्यावर तळहात ठेवून थोडं फिरवलं आणि डबी त्याच्यापुढे धरली.

"उचला."

"ही कुठली?"

"आधी उचला."

त्यानं झाकण चिमटीत धरलं आणि उचललं. बूड मागोमाग आलं. त्याचे ओठ आपोआप हलू लागले. सात. आठ. नऊ. दहा. अकरापर्यंत तो गेला, मग डबी बाकावर टेकवली. फिरवून पाहिली. लाकडाच्या रेषा अंगावरून वर येत होत्या आणि झाकणापाशी तुटत होत्या. झाकणावरच्या रेषा भलतीकडेच. डबी नीट गोल नव्हती. त्यानं हुंगली, जरी अकरा वर्षांनी हुंगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"ही मी जाळायला सांगितली होती."

"हो."

"तू बरं म्हणालीस."

"बरं म्हणाले. जाळते कुठे म्हणाले?"

"अकरा वर्षं?"

"मग बटणं कुठे ठेवायची?"

तिनं त्याचा हात धरून झाकणावर ठेवला. चिमूट नाही, सगळा तळहात. "तुम्ही म्हणालात तशीच वाकडी झाली. अंड्यासारखी. पण झाकण आणि बूड दोन्ही सारखीच वाकडी झाली. आडवं लावलं की पकडतं. पाव वळसा फिरवून रेषा जुळवल्या की सुटतं. एका हातात सुई असते तेव्हा दुसऱ्या हातानं मी अशीच उघडते. अंगठा लागत नाही."

त्यानं डबी पोटाशी धरली. तळहात दाबला, फिरवला. झाकण घसरलं, फिरलं नाही. दुसऱ्यांदा फिरलं, पण रेषा ओलांडून पुढे गेलं. ती मदतीला हात पुढे करणार होती. तिनं तो स्वतःच्या पाठीमागे घेतला. तिसऱ्यांदा रेषा जुळल्या आणि झाकण आवाज न करता त्याच्या तळहातात आलं.

त्यानं अर्धी गोळी काढली, जिभेवर ठेवली.

"पाणी," तो म्हणाला.

तिनं पेला दिला. तो प्यायला, आवाज न करता. मग झाकण लावलं, आडवं फिरवलं, उचललं, परत दहा मोजले. बुडाखाली अंगठा फिरवला. खाली रेघा नव्हत्या, नुसतं गुळगुळीत लाकूड.

"चूक आहे ही," तो म्हणाला. "ओल्या लाकडाची. हिला आपल्या रेघा मिळायच्या नाहीत."

"नकोच आहेत."

"नमुना मात्र नवा लागेल. सुक्या लाकडाचा. तू कात." तो उठला, डबी खिशात टाकली. "आणि पट्टा चढव. तू घासलेल्या त्या डबीच्या गळ्याकडे मला बघू दे. चार फेर म्हणे."

पुढच्या आठवड्यात दुकानदारीण परत आली. या वेळी नमुना सुनेनं कातलेला होता. म्हाताऱ्यानं तो दुकानदारणीलाच उचलायला लावला आणि स्वतः मोठ्यानं मोजलं, वीसपर्यंत. मग घड्याळ पाहून म्हणाला, "थांबा हो जरा, माझी गोळीची वेळ झाली." वेळ केव्हाच होऊन गेली होती. गोळी सकाळी आठची आणि आता अकरा वाजत होते. पण त्या दिवशी त्यानं ती मुद्दाम मागे ठेवली होती.

सगळ्यांच्या देखत त्यानं डबी काढली, झाकण धरून उचलली, लटकवली, मग पोटाशी धरून तळहातानं पाव वळसा दिला. झाकण सुटलं.

"अय्या, ही काय भानगड?" दुकानदारीण पुढे झुकली. "माझ्या सासूबाईंची बोटं अशीच आखडलीयेत, त्यांना कुठलीच डबी उघडत नाही, कालच बरणी माझ्या अंगावर फेकायची बाकी होती. काका, असल्या डझनभर द्या."

"चुका डझनावारी मिळत नाहीत, बाई."

तिनं डबी उलटी केली. "हिच्यावर तुमच्या तीन रेघा नाहीत?"

"नाहीत. माझी नाही ती."

"मग कुणाची?"

म्हाताऱ्यानं गोळी गिळली, डबी मिटवून खिशात टाकली आणि खिशावरून दोनदा हात फिरवला. लेथ सुरू होता. सून पाठमोरी वाकून नव्या डबीचा गळा उतरवत होती, आणि तिच्या पायांशी भुसा उडत होता.

"तिला विचारा," तो म्हणाला. "पण आत्ता नको. गळा कातताना ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही."